थिबा राजाची नजरकैद आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न

रत्नागिरी शहरात शाळांच्या सहली येतात, तेव्हा विद्यार्थ्यांना थिबा राजवाडा अवश्य दाखविला जातो. जांभ्या दगडाची आणि सागवानी लाकडाची ती भव्य इमारत, तिच्या कमानी आणि तेथून दिसणारी खाडी पाहून मुले हरखून जातात. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा येथे राहिला, येथेच मरण पावला, एवढे त्यांना सांगितले जाते. परंतु एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या राजाने असा कोणता गुन्हा केला होता, तो कोणत्या न्यायालयात सिद्ध झाला आणि त्याला किती वर्षांची शिक्षा झाली?

या प्रश्नाचे उत्तर असे की, त्याच्यावर कधी खटलाच चालला नाही. आरोप ठेवला गेला नाही, शिक्षा सुनावली गेली नाही, आणि म्हणूनच तिची मुदतही कधी संपली नाही. इतिहासातील राजकीय संघर्ष आणि नागरिकांचे स्वातंत्र्य यांचा संबंध समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला रत्नागिरीइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात या जिल्ह्याशी निगडित अशा काही घटनांच्या आधारे एकाच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे, माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यापूर्वी सत्तेने काय केले पाहिजे?

विनयपिटकातील कसोटी

हा प्रश्न आधुनिक युरोपात प्रथम उपस्थित झाला, असा समज पाठ्यपुस्तकांमुळे होतो. तो संपूर्णपणे खरा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात असे आले आहे की, छब्बग्गिय भिक्खू आपल्याला न आवडणाऱ्या भिक्खूंवर ते हजर नसताना दंडकर्म करीत असत. कोणाची निर्भर्त्सना करीत, कोणाला निष्कासित करीत. ही गोष्ट भगवान बुद्धांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी या वर्तनाचा निषेध केला आणि नियम घालून दिला की, गैरहजर भिक्खूवर असे कोणतेही कर्म करू नये. वाद मिटविण्याच्या सात पद्धतींत 'सम्मुखाविनय' म्हणजे समक्षतेचा नियम पहिला आहे, तो यामुळेच.

चुल्लवग्गातच 'अधम्मकम्म' कोणते, याची लक्षणे दिली आहेत. जे कर्म समक्ष केलेले नाही, ज्यात विचारणा केलेली नाही, ज्यात संबंधिताची कबुली घेतलेली नाही, ते अधर्मकर्म होय. आरोप न ठेवता, आपत्ती म्हणजे अपराध दाखवून न देता केलेले कर्मही तसेच. पुढे हेही सांगितले आहे की, ज्याच्यावर कर्म झाले त्याचे वर्तन सुधारल्यास संघाने ते कर्म मागे घ्यावे. म्हणजे दंडालाही शेवट असला पाहिजे.

यातून तीन प्रश्न निघतात. आरोप कोणता? संबंधित माणसाला समोर बोलावून त्याचे ऐकून घेतले काय? आणि बंधनाला अंत आहे काय? भिक्खुसंघाचे नियम आणि राज्याचे कायदे या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. तथापि सत्ता मग ती संघाची असो वा सरकारची, हे तीन प्रश्न तिला लागू पडतात. याच तीन प्रश्नांच्या प्रकाशात आपण पुढील घटना पाहू.

मंडालेचा राजा रत्नागिरीत

थिबा हा राजा मिंडोन यांचा पुत्र. मिंडोन यांच्या कारकिर्दीत संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरले गेले आणि १८७१ साली मंडाले येथे पाचवी धम्मसंगीती भरली. थिबाचे शिक्षणही विहारात झाले होते. १८७८ साली तो गादीवर आला. १८८५ साली त्याच्या दरबाराने सागवानाच्या तोडीवरून 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या कंपनीला मोठा दंड ठोठावला. फ्रेंचांशी त्याच्या वाढत्या संबंधांमुळे इंग्रज आधीच अस्वस्थ होते. दंडाचे निमित्त साधून त्यांनी निर्वाणीचा खलिता धाडला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध पुकारले. अवघ्या दोन आठवड्यांत मंडाले पडले. २९ नोव्हेंबर रोजी राजाला राण्यांसह बोटीवर चढविण्यात आले, आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा झाली.

काही महिने मद्रासला ठेवल्यानंतर एप्रिल १८८६ मध्ये राजपरिवाराला रत्नागिरीस आणले गेले. त्या काळी येथे आगगाडी नव्हती आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होई. मंडालेशी संबंध तोडण्यासाठी याहून सोयीची जागा नव्हती. थिबा त्या वेळी २७ वर्षांचा होता. पहिली २४ वर्षे तो बंगल्यांत राहिला. आज आपण पाहतो तो राजवाडा त्याला १९१० साली मिळाला. दागिने, तनखा आणि आपली एकूण स्थिती यांविषयी त्याने सरकारकडे वेळोवेळी अर्ज पाठविले. पोलीस अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहणाऱ्या या माणसाला विनंती करता येत होती, हक्क सांगता येत नव्हता. डिसेंबर १९१६ मध्ये, सुमारे ३१ वर्षांच्या बंदिवासानंतर तो रत्नागिरीतच मरण पावला. त्याचे कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशात परतू शकले. त्याची समाधी मात्र रत्नागिरीतच राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिचे दर्शन घेतले.

येथे विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, राजवाडा कितीही मोठा असला तरी कैद ही कैदच. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. थिबा हा निर्दोष सत्पुरुष नव्हता. १८७९ साली त्याच्या राजवटीत सुमारे ८० राजकुलीन नातेवाइकांची हत्या करण्यात आली. त्यांच्यावर तरी कोणता खटला चालला होता? तो बौद्ध होता म्हणून आपण हे झाकून ठेवणे धम्माला शोभणारे नाही. परंतु त्या हत्येसाठी इंग्रजांनी त्याचा न्याय केला, असेही झाले नाही. जर केला असता, तर आरोप सांगावा लागला असता, पुरावा द्यावा लागला असता आणि राजाचे म्हणणेही ऐकावे लागले असते. ज्याच्याविषयी आपल्याला सहानुभूती वाटत नाही, त्यालाही हे तीन प्रश्न लागू करणे, हीच न्यायबुद्धीची परीक्षा आहे.

बिनचौकशीची कैद कायद्यात

राजांनाच असे वागविले जाई, प्रजेला नाही, असे कोणी म्हणेल. तसे नव्हते. बंगालमध्ये १८१८ चा तिसरा विनियम आणि मुंबई इलाख्यात १८२७ चा पंचविसावा विनियम असे दोन कायदे होते. राज्याच्या सुरक्षिततेचे कारण पुरेसे मानून सरकार त्यांच्या आधारे कोणालाही 'राजबंदी' म्हणून विनाखटला अडकवून ठेवू शकत असे. १८९७ साली पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याचा वध झाल्यानंतर सरदार नातू बंधूंना याच १८२७ च्या विनियमाखाली अटक झाली. त्यांच्यावर कोणताही आरोप न्यायालयात ठेवला गेला नाही. १८९९ साली त्यांची सुटका झाली, तीही सरकारची मर्जी म्हणून.

याच सुमारास लोकमान्य टिळकांवर खटला झाला. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, सन १८५६ चा. 'केसरी'तील लेखनासाठी भारतीय दंड संहितेच्या १२४-अ या राजद्रोहाच्या कलमाखाली सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. जुलै १९०८ मध्ये पुन्हा त्याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात धाडण्यात आले. मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी आणि रत्नागिरीचा संपादक मंडालेत बंदी, असे हे विलक्षण चित्र १९०८ ते १९१४ या काळात होते.

या दोन कैदांत फरक कोणता? टिळकांना आरोप कळला होता. त्यांना वकील देता आला, स्वतः दीर्घ भाषण करता आले, आणि त्यांच्या शिक्षेला मुदत होती. सहा वर्षे भरत आली तेव्हा सरकारला त्यांना सोडावे लागले. थिबाला यांपैकी काहीच मिळाले नाही. मात्र खटला झाला म्हणजे न्याय झालाच, असेही नव्हे. १९०८ च्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन भारतीय होते, आणि निकालही सात विरुद्ध दोन असाच लागला. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ सरकारविषयी प्रीतीचा अभाव असा विस्तृत केला होता. ऐकून घेणारा निःपक्षपाती नसेल आणि कायद्याचे शब्द मोघम असतील, तर समक्षतेचा नियम पाळूनही अन्याय होऊ शकतो.

रत्नागिरीने बंधनाचा तिसरा प्रकारही पाहिला. वि. दा. सावरकर यांना १९२४ साली तुरुंगातून सोडताना जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात भाग घ्यावयाचा नाही, अशा अटी घालण्यात आल्या. अटींची मुदत आरंभी पाच वर्षांची होती. सरकारने ती वाढवीत नेली आणि १९३७ साली ती बंधने उठली. मुदत लिहिलेली असली तरी ती वाढविण्याचा अधिकार एकट्या सरकारच्या हाती असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही.

बाबासाहेब आणि विरोधकांचे स्वातंत्र्य

टिळकांच्या सामाजिक भूमिकेशी आपले मतभेद आहेत आणि ते राहतील. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे बाबासाहेबांनी नमूद करून ठेवले आहे. तरीही टिळकांना लेखनासाठी झालेली कैद चुकीची होती, असे म्हणण्यास आपल्याला अडचण वाटू नये. हीच कसोटी दुसऱ्या बाजूने लावून पाहावी. दिनकरराव जवळकर यांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकात टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर अत्यंत कडक टीका होती. बदनामीच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा ठोठावली. १९२६ साली अपिलात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी निर्दोष सुटले. टिळकांचे लेखन सरकारला सहन झाले नाही, आणि टिळकांवरील टीका त्यांच्या अनुयायांना सहन झाली नाही. दोन्ही वेळी उत्तर लेखणीने न देता तुरुंगाने देण्याचा प्रयत्न झाला.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले. तेथून जवळच असलेल्या तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली जे घडले, त्याने स्वातंत्र्याच्या कल्पनेत मोठी भर घातली. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना बंद होते. ही बंदी सरकारने घातलेली नव्हती, समाजाने घातली होती. तिच्यात आरोप जन्माचाच होता, सुनावणी नव्हती आणि मुदत मरेपर्यंतची होती. राजवाड्यातील नजरकैदेहून ही कैद कितीतरी कठोर म्हटली पाहिजे. नागरिकांच्या स्वातंत्र्याचा शत्रू केवळ सरकार नसते, हा धडा महाडने दिला.

डिसेंबर १९२७ मध्ये तळे ही खासगी मालमत्ता आहे असा दावा लावून विरोधकांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो सत्याग्रही जमले होते. बाबासाहेबांनी तळ्यावरील सत्याग्रह स्थगित केला, २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन केले आणि तळ्याची लढाई न्यायालयात नेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. सुमारे दहा वर्षे लागली. परंतु जो हक्क मिळाला, तो कोणाच्या दयेवर अवलंबून राहिला नाही.

संविधानातील उत्तर

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती ज्ञात होती. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम संघात होते. याच्या दोन महिने आधी, सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी जे कलम मांडले ते आजचे अनुच्छेद २२ होय. अटक झालेल्याला अटकेची कारणे लवकरात लवकर सांगितली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. हा सम्मुखाविनयाचाच आशय होय. अनुच्छेद ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. या अनुच्छेदाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय मानले. त्यातील हेबिअस कॉर्पस या आदेशाचा अर्थच, बंदिवानाला न्यायालयासमोर उभे करा, असा आहे.

परंतु त्याच अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा ठेवलेली आहे. माणसाने गुन्हा केला म्हणून नव्हे, तो करील अशा शंकेवरून त्याला अटकेत ठेवणे, असा तिचा अर्थ. अशा स्थानबद्धाला २४ तासांचा नियम लागू नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो. संविधान सभेत यावर कडाडून टीका झाली. बाबासाहेबांनी देशाची तत्कालीन परिस्थिती पाहता ही तरतूद आवश्यक मानली. मात्र जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून कायद्याच्या योग्य प्रक्रियेची हमी गळली होती. तिची भरपाई या कलमातील किमान संरक्षणांनी व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. अनुयायांनी ही अडचण लपवू नये. संविधानकर्त्यांनी एक दार अर्धे उघडे ठेवले आणि त्याच्यावर पहारेकरी नेमला. पहारेकरी जागा आहे की नाही, हे पाहणे पुढच्या पिढ्यांकडे आले.

पहारा सुटला तेव्हा

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. १९७१ चा मिसा आणि भारत संरक्षण नियम यांखाली एक लाखांहून अधिक लोक अटकेत गेले. त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते हेही बेंगळूर येथे पकडले गेले. विविध उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतील, असे म्हटले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की, आणीबाणीत स्थानबद्धाला हेबिअस कॉर्पस मागता येणार नाही. भिन्न मत देणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते. थिबाची स्थिती हजारो नागरिकांना प्राप्त झाली. विनंती करावी, हक्क सांगू नये.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांचा आधार आणीबाणीतही काढून घेता येणार नाही, असे केले. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरविला. तथापि सगळी दारे बंद झालेली नाहीत. ४४ व्या दुरुस्तीत तीन महिन्यांची मर्यादा दोन महिन्यांवर आणणारे कलम होते. ते आजवर अंमलात आणलेले नाही. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आदींविषयीचा कायदा यांखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात तर सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्कही नाही. राजद्रोहाच्या १२४-अ कलमाची कार्यवाही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबविली आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिताच गेली. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मधील शब्द पुरेसे नेमके आहेत काय, हा वाद चालूच आहे.

कायदा आवश्यक आहे की नाही, याविषयी सुजाण माणसांत मतभेद असू शकतात. समाजाला धोका असतो, हेही खोटे नाही. परंतु बिनचौकशीच्या सत्तेचा भार कोणावर पडतो, याचा विचार आपल्या समाजाने तरी केलाच पाहिजे. राजाला निदान राजवाडा मिळाला, संपादकाला निदान वाचक होते. ज्याच्याकडे वकील करण्यास पैसे नाहीत आणि ज्याच्यासाठी लिहिणारे कोणी नाही, त्याला संरक्षण म्हणून केवळ प्रक्रियाच उरते.

म्हणून थिबा राजवाड्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याचे शिल्प अवश्य पाहावे, पण तेथे क्षणभर थांबून ते तीन प्रश्नही स्वतःला विचारावेत. आरोप कोणता होता? ऐकून कोणी घेतले? शेवट केव्हा ठरला होता? वर्तमानपत्रात एखाद्याच्या अटकेची बातमी वाचताना हेच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. तो माणूस आपल्या विचारांचा नसेल, आपल्या समाजाचा नसेल, तर अधिक काटेकोरपणे विचारावेत. छब्बग्गिय भिक्खूंनी ज्यांना दंड केला, ते दोषी होते की निर्दोष, याची चर्चा न करता भगवंतांनी प्रथम एवढेच म्हटले की, जो हजर नाही त्याच्यावर कर्म करू नये. दोषाचा विचार त्यानंतरचा आहे.